बारा तासांच्या गेमला ४,९९९ रुपये: माल पुरेसा आहे की नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

प्रतापनगर_पॅड

पीएस५ (सोनीचं गेम कन्सोल) आहे, डिस्क ड्राइव्हवालं. घरी ४० एमबीपीएसचं फायबर. मोठ्या स्टुडिओचा नवा गेम घ्यायचा म्हटलं की खोक्यावर ४,९९९ छापलेले असतात. सध्या ज्या गेमवर नजर आहे त्याची मुख्य कथा बारा तासांची आणि साइड मिशनं धरून वीसेक तास होतात, असं सगळीकडे लिहून आलं आहे. मल्टिप्लेअर नाही. तेवढ्याच पैशांत साठ-सत्तर तासांचे ओपन वर्ल्ड गेम मिळतात, आणि सेलपर्यंत थांबलं तर दोन मिळतात.

रुपये भागिले तास, हा हिशोब धरायचा का? धरायचा नसेल तर कोणता धरायचा? गेममध्ये खरोखर किती माल आहे हे कथा न फुटू देता कसं कळेल? आणि खेळून झाल्यावर नागपुरात डिस्क विकायची तर त्यात काय काय अडकतं? बजेट तीन महिन्यांत एक गेम. रात्री तासभर खेळणं होतं, सुट्टीच्या दिवशीही फार जास्त नाही.

फ्रेमपॅसिंग

तासांचा आकडा बघा, पण त्याने किंमत भागू नका. तास कसे भरले आहेत हे त्या आकड्यात दिसतच नाही.

सर्वांत चांगलं उदाहरण एकाच कंपनीच्या दोन गेमचं आहे. रेसिडेंट इव्हिल २ चा रीमेक जानेवारी २०१९ मध्ये आला, ३ चा एप्रिल २०२०मध्ये. अमेरिकेत दोन्हींची सुरुवातीची किंमत सारखीच, ६० डॉलर. पहिल्यात लिऑन आणि क्लेअर अशा दोन मोहिमा. एक संपली की दुसऱ्या पात्राची ‘सेकंड रन’ उघडते. तिच्यात सुरुवात वेगळी, वस्तूंच्या जागा वेगळ्या, आणि खरा शेवट तिच्यानंतरच मिळतो. आता नीट पाहिलं तर त्यातलं पोलीस स्टेशन दोन्ही वेळा तेच आहे. म्हणजे नवं बांधकाम दुप्पट झालेलं नाही. पण पहिल्या फेरीत पाठ झालेला नकाशा दुसऱ्या फेरीत तुम्ही कमी गोळ्यांत आणि कमी वेळात कापायला शिकता, म्हणून ते तास रिकामे वाटत नाहीत. रेसिडेंट इव्हिल ३ मध्ये एकच मोहीम, सहा तासांच्या आसपास. मूळ १९९९ च्या गेममधला क्लॉक टॉवरचा आतला भाग गाळलेला. सोबत रेझिस्टन्स नावाचा वेगळा मल्टिप्लेअर गेम जोडून दिला, पण ज्याला एकट्याने खेळायचं आहे त्याच्या दृष्टीने तो मोजणीत येत नाही. लोकांची नाराजी सहा तासांवर होती तेवढीच गाळलेल्या भागावर होती.

दुसरं उदाहरण द ऑर्डर: १८८६ चं, पीएस४ वर फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेला. पूर्ण किंमत, लांबी सात तासांच्या आसपास. मल्टिप्लेअर नाही, न्यू गेम प्लसही (संपवलेला गेम कमावलेल्या गोष्टींसह पुन्हा सुरू करण्याची सोय) नाही. पण खरी अडचण पुढे आहे: त्या सात तासांतला मोठा वाटा कटसीनचा (खेळायचं नाही, नुसतं बघायचं), आणि शेवटची बॉस फाइट (मोठ्या शत्रूशी लढत) आधी होऊन गेलेल्या फाइटचीच जवळजवळ नक्कल. छोट्या गेममध्ये अशी पुनरावृत्ती लपत नाही.

उलट बाजूने पाहा. २००७ चा पोर्टल तीन-चार तासांत संपतो. प्रत्येक खोलीत एक नवा नियम किंवा जुन्या नियमाचा नवा वापर, एकही खोली भरतीची नाही. व्हॉल्व्हने तो ऑरेंज बॉक्समध्ये हाफ-लाइफ २, तिचे दोन एपिसोड आणि टीम फोर्ट्रेस २ यांच्यासोबत विकला होता, म्हणून किंमतीची तक्रार उठलीच नाही. आणि २०२०चा असॅसिन्स क्रीड व्हॅलहॅला नुसत्या मुख्य कथेला साठ तासांच्या घरात जातो. पुढे २०२३ मध्ये त्याच कंपनीने त्याच मालिकेतला मिराज मुद्दाम लहान ठेवला आणि ७० ऐवजी ५० डॉलरला विकला. मला हा व्यवहार सर्वांत प्रामाणिक वाटतो. गेम लहान केला तर किंमतही उतरवली.

आता घेण्याआधी तपासायचं काय.

हाउ लाँग टू बीट या साइटवर (खेळणारे स्वतःचे तास तिथे नोंदवतात) तीन आकडे असतात: मुख्य कथा, कथा अधिक साइड, आणि शंभर टक्के. रोज तासभर खेळणाऱ्याने मधला आकडा धरावा. पहिल्या आठवड्यातले आकडे बाजूला ठेवा, ते भराभर संपवणाऱ्यांनी भरलेले असतात. पहिला आणि तिसरा आकडा यांत पाच-सहा पटींचा फरक असला तर समजायचं की नकाशावर गोळा करायच्या वस्तूंची गर्दी आहे.

मग अचिव्हमेंटची (गेममधले टप्पे गाठल्याच्या नोंदी, प्लेस्टेशनवर त्यांना ट्रॉफी म्हणतात) टक्केवारी. गेम पीसीवरही असेल तर स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) त्याचं जागतिक अचिव्हमेंट पान गेम विकत न घेताही उघडतं. प्लेस्टेशनसाठी पीएसएन प्रोफाइल्स ही साइट आहे. पहिलं प्रकरण संपवणारे किती आणि शेवट गाठणारे किती, या दोनच ओळी बघा. समजा पहिलं प्रकरण ८० टक्क्यांनी आणि शेवट २० टक्क्यांनी गाठला, तर चारातल्या तिघांनी मध्येच सोडला. त्या लोकांना साठ तासांपैकी कदाचित वीसच मिळाले. घसरण कोणत्या प्रकरणात आहे तेही कळतं, म्हणजे गेम कुठे लांबवला आहे ते कळतं. दोन गोष्टी सांभाळा. रिलीजनंतर निदान महिनाभर हे आकडे अपुरे असतात. आणि सबस्क्रिप्शनमध्ये फुकट मिळालेल्या गेमला ते विनाकारण खाली जातात, कारण लोक उघडून बघतात आणि बंद करतात. कथेची अचिव्हमेंट बहुधा झाकलेली असतात, त्यामुळे नावं उघडल्याशिवाय आकडे वाचले तर कथाही फुटत नाही.

तिसरं, रिव्ह्यूमध्ये गुण वाचू नका, ‘शत्रूंचे प्रकार’ आणि ‘बॉस पुन्हा येतात का’ एवढं शोधा. बारा तासांत सात-आठ वेगळे शत्रू आणि प्रत्येक बॉस वेगळा असेल तर माझ्या मते माल भरलेला आहे. साठ तासांत तेच सहा शत्रू नुसते रंग बदलून येत असतील तर नाही.

डिस्कवाला_सदर

भाऊ, तुमच्याकडे डिस्क ड्राइव्ह आहे म्हणजे ४,९९९ ही तुमची किंमत नाहीच. घेतली किंमत वजा विकली किंमत, ती तुमची किंमत. आणि इथं छोटा गेम पुढे निघून जाते.

समजा डिस्क दुकानातून ४,५०० ला पडली. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्याच्यावर कोणी वेगळा जीएसटी लावून राहिला असेल तर देऊ नका. वीस तासांचा गेम रोज एक तास म्हणजे तीन आठवड्यांत संपते. तेव्हा गेम अजून ताजा आहे, मागणी आहे. समजा ३,२०० ला गेला. खर्च १,३०० रुपये. सत्तर तासांचा गेम त्याच हिशोबाने दहा आठवडे चालते. तोवर ऑनलाइन एखादा सेल होऊन जाते आणि जुन्या डिस्कचा भाव पडते. समजा २,२०० मिळाले, खर्च २,३०० रुपये. भाव गेमागणिक बदलतात, पण दिशा हीच राहते.

विकताना अन् जुनी घेताना इतकं सांभाळा:

डिस्कमध्ये गेम आहे की नाही ते आधी बघा. काही खोक्यांत नुसता कोड असते, तो एकदा वापरला की विकायला काहीच उरत नाही. काही डिस्कवर अर्धाच गेम असते आणि बाकीचा डाउनलोड करावा लागते. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं राहते. डझ इट प्ले नावाची साइट डिस्क इंटरनेटशिवाय चालते का ते तपासून नोंदवते, तिथं नाव टाकून पाहा.

जुनी डिस्क घेताना खालची बाजू उजेडात तिरपी धरा. मधून कडेकडे जाणारा ओरखडा बऱ्याचदा चालून जाते. गोल फिरणारा, म्हणजे ट्रॅकच्या दिशेनं गेलेला, तो वाईट, कारण तो सलग डेटा झाकते. डीव्हीडीसारखं पॉलिश करून देतो असं कोणी म्हटलं तर देऊ नका. डीव्हीडीत डेटाचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असते, ब्लू-रेमध्ये फक्त ०.१ मिलिमीटर. घासायला जागाच नाही.

पक्की तपासणी अशी: कन्सोलचं इंटरनेट बंद करा, डिस्क टाका, कॉपी पूर्ण होऊ द्या. इंटरनेट चालू राहिलं तर काही डेटा नेटवरून येते आणि खराब डिस्कही चांगली वाटते. कॉपी मध्येच अडकली किंवा एरर आला तर डिस्क परत. पीएस५ वर गेम एसएसडीवरूनच चालते, डिस्क फक्त ओळख पटवायला लागते, म्हणून पूर्ण कॉपी झाली म्हणजे वाचता येण्यासारखं सगळं वाचलं गेलं. बर्डीत, धरमपेठेत किंवा सदरमध्ये दुकानातून घेत असाल तर तिथल्याच कन्सोलवर लावून मागा. वेळ लागते, पण थांबा. ओएलएक्सवरून घेत असाल तर सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनला भेटून पैसे देण्यापेक्षा ज्याच्या घरी कन्सोल आहे तिथं जाऊन बघणं बरं. स्टेशनवर डिस्क बघता येते, चालवता येत नाही.

रोख विकण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये दुकानदार बहुधा जास्त भाव धरते. तुम्हाला तीन महिन्यांनी दुसरा गेम घ्यायचाच आहे, तर तेच करा.

अन् एप्रिल-मेमध्ये डिस्क गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. बाहेर ४५ डिग्री असलं की आत त्याहून कितीतरी जास्त होते, पॉलिकार्बोनेट वाकते. वाकलेली डिस्क दिसायला साफ असते पण ड्राइव्ह घेत नाही.

हिंगणा_रोड

दोघांचंही अर्धंच पटतं.

डिस्कवाल्या भाऊंच्याच आकड्यांवर चला. १,३०० भागिले २० म्हणजे तासाला ६५ रुपये. २,३०० भागिले ७० म्हणजे ३३. विकून झाल्यावरही मोठा गेम निम्म्या दरात पडतो. ज्याला तीन महिन्यांत एकच गेम परवडतो त्याच्याकडे तीन आठवड्यांनंतर खेळायला काय उरणार? इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला ‘तास घट्ट भरलेले आहेत’ हे सांगून भागत नाही, त्याला पुढचे दोन महिने काढायचे असतात. माझ्या मते बजेट जितकं कमी, तितकं तासांना वजन जास्त.

तसंच पुन्हा खेळण्याजोगं किती आहे हे कुणी मोजलं नाही. न्यू गेम प्लस बऱ्याचदा रिलीजच्या दिवशी नसतं. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२ चा, त्यात न्यू गेम प्लस एप्रिल २०२३ मध्ये आलं आणि व्हॅलहॅला नावाची मोफत भर डिसेंबर २०२३ मध्ये. स्पायडर-मॅन २ ऑक्टोबर २०२३ चा, न्यू गेम प्लस मार्च २०२४ मध्ये. तीन आठवड्यांत डिस्क विकून टाकणाऱ्याला हे काहीच मिळालं नाही. सहा महिन्यांनी घेणाऱ्याला कमी पैशांत हे सगळं मिळालं, आणि बग काढलेला गेम मिळाला. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आल्यावर आठवड्याभरात सोनीने स्टोअरमधून काढला होता, तो परत आला जून २०२१ मध्ये. पूर्ण किंमत देणाऱ्याने सर्वांत वाईट आवृत्ती खेळली.

ऑनलाइनवर चालणाऱ्या गेमला तर पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देऊच नये. कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तिथे पैसे परत मिळाले. द क्रू मात्र २०१४ पासून विकला गेला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर डिस्क जवळ असूनही चालेना. त्या डिस्कची विक्री किंमत शून्य.

फ्रेमपॅसिंग

बजेटचा मुद्दा मान्य. पण ३३ रुपयांचा दर सत्तरच्या सत्तर तास खेळले तरच लागू होतो. म्हणूनच शेवट गाठणाऱ्यांची टक्केवारी बघायला सांगितली. पंचविसाव्या तासाला कंटाळून ठेवला आणि दोन महिने कपाटात पडला, तर २,३०० भागिले २५, म्हणजे तासाला ९२ रुपये. स्वतःच्या जुन्या मोठ्या गेमची ट्रॉफी यादी उघडून बघा, किती संपवले. निम्म्याहून जास्त संपवले असतील तर हिंगणा_रोड म्हणतात तसं मोठा गेम घ्या. नसतील तर लहान घ्या.

गोष्टीवर चालणाऱ्या गेमचं एक वेगळं असतं: रोज एकच तास मिळत असेल तर साठ तासांची कथा दोन महिने ताणली जाते आणि पात्रं, बटणं, कोणतं शस्त्र कशासाठी हे सगळं विसरायला होतं. वीस तासांची तीन आठवड्यांत डोक्यात राहते.

प्रतापनगर_पॅड

ट्रॉफी यादी बघितली, मोठ्यांपैकी निम्म्याहून कमीच संपलेले आहेत. म्हणजे लहानच बरा.

अजून दोन शंका. डिजिटलवर घेतला आणि आवडला नाही तर परत करता येतो का? आणि प्री-ऑर्डरची डीलक्स आवृत्ती हजार-पंधराशे जास्त देऊन घेण्यासारखी असते का?

शेडर_कॅश

परतीचे नियम दोन दुकानांत अगदी वेगळे आहेत.

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण न विचारता पैसे परत. पण ते दोन तास गेम सुरू केल्यापासून मोजले जातात. शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होताना जो पट्टा सरकत असतो तो वेळही त्यात धरला जातो, कंपनीचा वेगळा लाँचर उघडून ठेवला तर तोही. जुन्या प्रोसेसरवर शेडरलाच पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर आधीच अपडेट करा. गेम चालू ठेवून जेवायला जाऊ नका. लायब्ररीत दिसणारे मिनिट बघत राहा आणि पावणेदोन तासांना निर्णय घ्या. ज्या गेमचे पहिले दीड तास नुसत्या ओळखीत जातात त्याला ही चाचणी अपुरी पडते, हे लक्षात ठेवा. महागड्या आवृत्तीत लवकर खेळायला मिळतं तो वेळही २०२४ पासून याच दोन तासांत मोजतात.

प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला, गेम सदोष असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे चाखून परत करणं तिथे नाहीच. प्री-ऑर्डर केली असेल तर ऑटो-डाउनलोड बंद ठेवा, नाहीतर रिलीजच्या आधीच फाइल उतरायला लागते आणि तुम्ही रिव्ह्यू वाचायच्या आत अडकता. चाखायचंच असेल तर पीएस प्लस या सोनीच्या सबस्क्रिप्शनच्या डीलक्स स्तरावर काही नव्या गेमच्या वेळेची मर्यादा असलेल्या ट्रायल असतात. (इथं तो स्तर डीलक्स नावाने मिळतो. प्रीमियमची जाहिरात वाचून गोंधळू नका.)

डिजिटलचा अजून एक खर्च: १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर, पूर्ण वेग मिळाला तरी, साडेपाच तास घेतो. आणि पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ च्या आसपास मिळतात, म्हणजे असे सहा गेम. तुमच्या परिस्थितीत डिजिटल फक्त खोल सेलमध्ये, जिथे किंमत जुन्या डिस्कच्या निव्वळ खर्चाइतकी खाली येते. मे-जूनमधला डेज ऑफ प्ले आणि नोव्हेंबरचा ब्लॅक फ्रायडे या दोन वेळी तपासा.

डिस्कवाला_सदर

डीलक्सबद्दल. त्यात काय आहे त्याचे दोन भाग करा. पोशाख, कंट्रोलरचे रंग, कौशल्याचे पॉइंट लवकर मिळणं, याला एक रुपयाही धरू नका. पुढे येणारी कथेची भर आधीच जोडलेली असेल तरच विचार करा, अन् तेव्हाही ती भर वेगळी केवढ्याला मिळणार ते बघून.

विकताना डीलक्सचे जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत. कोड तुमच्या खात्यात गेला की डिस्क साधीच होऊन जाते आणि घेणारा साध्याचाच भाव देते. साधी ४,५०० ला घेऊन ३,२०० ला विकली तर १,३०० गेले. डीलक्स ५,८०० ला घेऊन तीच ३,२०० ला विकली तर २,६०० गेले. खर्च दुप्पट.

जुनी डिस्क घेऊन नंतर डीएलसी (गेमची वेगळी विकली जाणारी भर) घ्यायचा विचार असेल तर कोणत्या देशाची डिस्क आहे ते पाहून घ्या. गेम कुठल्याही पीएस५ वर चालते, पण डीएलसी डिस्कच्या प्रदेशाशी जुळावं लागते. कव्हरवर वयाचा शिक्का पेगीचा असेल तर ती युरोपकडची, भारतीय स्टोअरच्या डीएलसीशी बहुधा जुळते. ईएसआरबीचा असेल तर अमेरिकन, त्याच्यावर भारतीय खात्यातून घेतलेली भर चालत नाही. डिस्कवर पीपीएसए अन् पाच आकडे असा नंबर छापलेला राहते. तो फोटोत मागवून घ्या आणि स्टोअरमधल्या गेमशी जुळवून पाहा. परदेशातून आलेली स्वस्त डिस्क घेताना लोक इथंच फसतात. कथा पूर्ण होते, डीएलसी विकत घेतात, आणि मग ती गेममध्ये दिसतच नाही.